अडीच बोटांची खोट

अक्कलकोट रस्त्याच्या नाक्यावर ईश्वरप्पा मिस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक लिंबाचं झाड, जमिनीत पुरलेले दोन रूळ आणि तेलानं काळी पडलेली माती. इंजिन उतरवणारे, पंक्चर काढणारे सोलापुरात पुष्कळ होते. ईश्वरप्पाकडे माणसं यायची ती वाकलेल्या गाड्या घेऊन. ट्रक झाडावर जाऊ दे नाहीतर ओढ्यात पडू दे, त्याचा सांगाडा पुन्हा सरळ करावा तर ईश्वरप्पानंच, असं पार हैदराबादच्या रस्त्यापर्यंत बोललं जायचं. आणि सरळ झाला की नाही हे ठरवायला त्याच्याकडे कुठलं यंत्र नव्हतं. एक दोरी होती.

दोरी साधीच. मागावरच्या सुताला चार पदरी पीळ देऊन त्यानं स्वतःच वळलेली, मेण चोळलेली. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत ती ताणायची, तिथं गाठ मारायची आणि तीच दोरी गाडीच्या दुसऱ्या बाजूला नेऊन धरायची. गाठ बरोबर चाकाच्या मध्यावर आली तर गाडी सरळ, नाही आली तर वाकडी. यात न कळण्यासारखं काही नाही. तुम्हीआम्हीही करू शकू. पण आपण केलं तर कोण विश्वास ठेवणार? ईश्वरप्पानं केलं की ती काळ्या दगडावरची रेघ व्हायची.

होता होता या दोरीला एक वेगळंच काम लागलं. ट्रकमालक गाडी घेऊन यायचे, बरोबर ड्रायव्हर असायचा. मालक म्हणायचा, यानं कुठंतरी ठोकली आणि लपवतोय. ड्रायव्हर म्हणायचा, नुसती खड्ड्यात गेली. मग गाडी रुळावर घ्यायची, मालक एका अंगाला, ड्रायव्हर दुसऱ्या अंगाला, आणि भोवती चहाच्या टपरीवरची रिकामटेकडी मंडळी. ईश्वरप्पा काही न बोलता दोरी ताणायचा. गाठ सरकलेली निघाली की तो बोटांनी अंतर मोजायचा आणि म्हणायचा, “ठोकलीय.” तेवढ्यावर ड्रायव्हरची नोकरी जायची. “देवळात खोटं बोललास तरी चालंल, ईश्वरप्पाच्या रुळावर बोलू नको,” असं ड्रायव्हर लोक एकमेकांना सांगायचे. ईश्वरप्पाला याचा अभिमान होता, आणि तो त्यानं कधी लपवलाही नाही. “दोरीला जात नसती, दोरीला वशिला नसतो,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. घरीसुद्धा तो दाराच्या चौकटीला, लग्नाच्या मांडवाला दोरी लावायचा. बायको गुरम्मा म्हणायची, “एकदा मलाबी लावून बघा की, सरळ हाय का न्हाय.”

एक माणूस मात्र नाक्यावरनं जाताना ईश्वरप्पाकडे कधी बघायचा नाही. मानसिंग परदेशी. पूर्वी ट्रक चालवायचा, हात इतका सफाईदार की मालक त्याला काचसामानाच्या फेऱ्या द्यायचा. एकदा दोरी लागली, ‘ठोकलीय’ झालं, आणि मग त्याला कुणी गाडी दिली नाही. आता तो रॉकेलची हातगाडी ओढायचा. गॅरेजसमोर आला की त्याची घंटी बंद व्हायची आणि पुढच्या गल्लीत गेल्यावर पुन्हा वाजायची.

अशा या ईश्वरप्पाच्या रुळावर दुष्काळानंतरच्या दुसऱ्या जानेवारीत, गड्ड्याची जत्रा चालू असताना, एक चमत्कारिक गाडी आली.

गाडी फ्रान्सची, रेनॉ म्हणून. कुंभारीकडे खेड्यापाड्यांतून दवाखाना चालवणाऱ्या एका फ्रेंच डॉक्टरीणबाईनं ती बोटीनं आणलेली. तिकडं म्हणे ही गरिबाची गाडी, शेतकरी तिच्यातनं बटाटे नेतात. पत्रा पातळ, सीटा आरामखुर्चीसारख्या कापडी, स्टिअरिंग डाव्या अंगाला, आणि गिअरचा दांडा छत्रीच्या मुठीसारखा समोरच्या फळीतनं बाहेर आलेला. मागचं दार सगळंच्या सगळं वर उघडायचं. त्यातनं आडवा पेशंट आत सरकवता यायचा, म्हणून खेड्यातल्या बाया तिला पेटीगाडी म्हणायच्या. किती बाळंतिणी त्या पेटीतनं वेळेवर दवाखान्यात पोचल्या याची गणती नाही. अख्ख्या सोलापुरात तसली दुसरी गाडी नव्हती.

डॉक्टरीणबाई आईच्या आजारपणासाठी मायदेशी गेल्या होत्या. गाडी धोंडिरामच्या हवाली होती. धोंडिराम बुद्धविहारामागच्या वस्तीतला, घराण्यातला पहिला पगारी माणूस. बाप गिरणीत झाडलोट करायचा. याला बाईंनी स्वतः त्या उफराट्या स्टिअरिंगवर शिकवलं होतं. गाडी तो रोज पुसायचा. त्याची बायको तानाबाई विड्या वळायची आणि म्हणायची, “माझ्यापरास त्या पेटीवर जीव हाय तुमचा.” तोही नाही म्हणायचा नाही.

झालं काय, तर गड्ड्याहून परतणारी कुंभारीच्या कुंडलिकची बैलगाडी दिवस कलताना कुणीतरी मागून उडवली. कुंडलिकची मांडी मोडली. उजव्या अंगाचा बैल रस्त्यावरच तडफडून मेला. ठोकणारा थांबला नाही. धुळीतनं कुंडलिकला एवढंच दिसलं की गाडी पांढरी होती. पेटीगाडी पांढरी होती, आणि त्या संध्याकाळी ती त्याच रस्त्यानं आली होती. धोंडिराम म्हणाला, मी आलो तेव्हा रस्त्यात काही नव्हतं, मी बैलगाडी पाहिलीसुद्धा नाही. पोलीस चौकीवरच्या रावजी जमादारांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ठीक हाय. दोरी लावू.”

बातमी गावभर झाली. ईश्वरप्पाच्या गॅरेजसमोर रस्ता अडण्याइतकी गर्दी जमली. दवाखान्याच्या कमिटीचे सेक्रेटरी आले, कुंडलिकचे भाऊबंद आले. धोंडिराम रुळाच्या कडेला हात बांधून उभा होता आणि त्याच्या मागे पदर डोक्यावर घेतलेली तानाबाई. गर्दीतनं कुणीतरी बोललं, “असल्यांच्या हातात गाडी दिल्यावर दुसरं काय व्हायचं?” ते ईश्वरप्पाला ऐकू गेलं. दोरीला जात नसते हे त्याचंच वाक्य, पण त्या वेळी ते त्याच्या तोंडून निघालं नाही. खरं सांगायचं तर त्याचं डोकं आधीच तापलेलं होतं. सकाळी उठून नंदीला हात जोडल्याशिवाय चूळ न भरणारा माणूस तो. रस्त्यावर मरून पडलेला बैल त्यानं स्वतः जाऊन पाहिला होता. बैलाचे डोळे उघडेच राहिले होते.

त्यानं उजव्या बाजूला दोरी ताणली. गाठ मारली. गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आला. दोरी धरली आणि थबकला. गाठ चाकाच्या मध्यावर नव्हती. मध्य ओलांडून चांगली मागं जात होती. त्यानं पुन्हा धरली, पुन्हा तेच. ईश्वरप्पानं बोटं लावली.

“अडीच बोटं,” तो म्हणाला. “डावी बाजू अडीच बोटं आखूड हाय. डाव्या पुढच्या चाकाला मार बसलाय. चाक मागं सरकलंय.”

गर्दीत एकदम कुजबूज उठली. बैलगाडीला ओलांडून पुढं जाताना मोटारीची डावीच बाजू बैलगाडीच्या अंगाला येणार, हे शाळकरी पोरालाही कळत होतं. सगळं कसं गाठीला गाठ जुळल्यासारखं जुळलं.

धोंडिराम पुढं आला. “मिस्त्री, पत्रा तर बघा. कुटं पोचा हाय का? कुटं रंग निगालाय का? मी रोज हात फिरवतो हिच्यावरनं. काय झालं असतं तर माझ्या हाताला लागलं असतं की.”

“पत्रा कुणीबी ठोकून सरळ करतंय,” ईश्वरप्पा म्हणाला. “हाताला काय कळतंय? दोरी सांगती.”

जमादारांनी पंचनामा केला, त्यावर ईश्वरप्पानं सही केली. धोंडिरामला चौकीत नेलं. सोमवारी कोर्टात उभं करणार होते. सेक्रेटरींना गाडीची घाई, खेड्यांतले पेशंट खोळंबलेले. ते म्हणाले, “पंचनामा झालाय ना? मग सोमवारपर्यंत सरळ करून द्या.” गाडी रुळावरच राहिली.

रविवारी सकाळी ईश्वरप्पा गॅरेजवर आला तर समोरच्या भिंतीच्या सावलीत तानाबाई बसलेली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पानं, आणि हात विडी वळताहेत. डोळे मात्र गाडीवर. ईश्वरप्पानं साखळ्या बाहेर काढल्या, जॅक आणला, पुन्हा पाहिलं. ती हलली नव्हती.

“बाई, हितं का बसलाय?” त्यानं शेवटी विचारलं.

“तुमी काय करताय त्ये बघाया,” ती म्हणाली. “त्यांनी इचारलं, माझ्या गाडीचं काय केलं, तर सांगता आलं पायजे की.”

बाई भांडली असती, रडली असती, शिव्याशाप दिले असते तर ईश्वरप्पाला सोपं गेलं असतं. तसल्या बाया त्यानं पाहिल्या होत्या. ही नुसती बसली होती. त्यानं तिच्याकडे पाठ केली आणि कामाला लागला. पण पाठीवर तिची नजर आहे हे त्याला सारखं जाणवत होतं, आणि त्याला राग येत होता. आपण का रागावतोय हे मात्र त्याला कळत नव्हतं.

पुढच्या डाव्या चाकाजवळ हात घालून त्यानं साखळी अडकवली. दुसरं टोक रुळाला बांधलं. मधे जॅक दिला आणि दांडा दाबायला सुरुवात केली. साखळी ताठ झाली. आणखी दाबला. गाडी थरथरली. वाकलेलं लोखंड ओढायला लागलं की ते आधी कुरकुरतं, मग हळूहळू सैल पडत आपल्या जागी येतं. ईश्वरप्पाच्या हातांना ती सवय होती, उभ्या आयुष्यात त्यानं दुसरं केलं काय होतं? पण हे लोखंड सैल पडेना. अडून बसलेल्या बैलासारखं ते जागचं हलेना, आणि आतून एक बारीक, ताणलेला आवाज यायला लागला. तानाबाई सूप खाली ठेवून उठून उभी राहिली.

असा आवाज सरळ लोखंड ओढलं की येतो.

त्यानं जॅक ढिला केला. गोणपाट टाकलं आणि गाडीखाली उताणा सरकला. ट्रक असता तर उभ्या उभ्या सगळा सांगाडा दिसला असता, या गाडीचं पोट जमिनीला टेकल्यासारखं. परवा दोरी लावताना तो काही खाली शिरला नव्हता. गरज काय होती? आता त्यानं पुढच्या चाकाभोवती बोट फिरवलं. कारखान्यातला काळा रंग जसाच्या तसा होता. कुठं सुरकुती नाही, तडा नाही, बोल्टांच्या कडेची जुनी धूळसुद्धा मोडलेली नाही. चाक अडीच बोटं मागं सरकलं असतं तर हे सगळं पापडासारखं चुरगळायला हवं होतं. मग तो पाठीवर घसरत मागच्या बाजूला गेला, आणि तिथं त्याला दिसलं.

मागच्या चाकांना ट्रकसारखे स्प्रिंगचे पाटे नव्हते. पाट्यांच्या जागी दोन जाड पोलादी सळया होत्या, गाडीच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत आडव्या गेलेल्या. चाक वर उचललं की सळईला पीळ बसायचा, तीच तिची स्प्रिंग. दोन्ही सळया पूर्ण रुंदीच्या, म्हणून एका रेषेत बसणंच शक्य नव्हतं. एक पुढं, एक मागं, जात्याजवळ मांडी घालून बसलेल्या दोन बायांच्या गुडघ्यांसारख्या. डाव्या चाकाची सळई पुढं होती, उजव्याची मागं, आणि सळयांबरोबर चाकंही तशीच पुढंमागं बसवलेली. त्यानं पडल्या पडल्या मधलं अंतर बोटांनी मोजलं.

अडीच बोटं भरलं.

गाडी वाकलेली नव्हती. ज्यांनी केली त्यांनीच ती तशी केली होती, जाणूनबुजून, आणि तिकडं फ्रान्सात हजारो गाड्या डाव्या अंगाला आखूड आणि उजव्या अंगाला लांब अशा बिनघोर पळत होत्या. ईश्वरप्पा किती वेळ तसाच पडून राहिला ते त्याचं त्याला कळलं नाही. बाहेर तानाबाईचे पाय दिसत होते, विटलेल्या लुगड्याचा काठ आणि धूळ बसलेल्या टाचा.

“काय झालं मिस्त्री?”

“काय न्हाय,” तो म्हणाला.

बाहेर येऊन त्यानं हात धुतले. हात स्वच्छ झाले तरी धूतच राहिला. तेवढ्यात गुरम्मा डबा घेऊन आली. “ऊटा माडरी,” असं जेवायला सांगत तिनं भाकरी सोडली, शेंगाचटणी वाढली. ईश्वरप्पानं घास तोंडाजवळ नेला आणि परत ताटात ठेवला. मग हलक्या आवाजात, कानडीतच, त्यानं बायकोला सगळं सांगितलं. पहिल्यांदा तिला समजलंच नाही. समजलं तेव्हा तिचा हात भाकरीवरच थांबला.

“मग आता?”

ईश्वरप्पा गाडीकडे बघत होता. साखळी अजून लावलेलीच होती. पुढच्या चाकापाशी लोखंड लाल करायचं आणि मग जॅकचा दांडा दाबायचा. तापवल्यावर कुठलं लोखंड त्याचं ऐकत नाही? डावी बाजू उजवीएवढी होईल. मग कुणीही या आणि दोरी लावून बघा. ईश्वरप्पा म्हणाला होता वाकडी आहे, ईश्वरप्पानं सरळ केली. ताडून बघायला दुसरी गाडी नाही, बोलायला डॉक्टरीणबाई नाहीत. सगळ्या जन्माची अब्रू त्या एका दांड्याशी होती. आणि धोंडिराम? तो चौकीत होताच. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची आणि वर सुळी सुतासारखी सरळ आहे म्हणून मिरवायचं. हा विचार मनात आला याचीच ईश्वरप्पाला इतकी लाज वाटली की त्याच्या कानशिलांत ऊन शिरल्यासारखं झालं. पण विचार आला होता, आणि जात नव्हता.

“ओढली तर दोनी बाजू सारख्या व्हतील,” तो म्हणाला.

गुरम्मानं त्याच्याकडे पाहिलं. “सारख्या व्हतील. पण गाडी सरळ व्हईल का वाकडी?”

तो उठला आणि साखळी सोडवायला लागला. कडी निघता निघेना. शेवटी निघाली. मग तो रस्ता ओलांडून तानाबाईसमोर जाऊन उभा राहिला.

“बाई, माजी चूक झाली,” तो म्हणाला. “चला, चौकीवर जाऊ.”

तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तो कानडीत बोलला. “सुटतील व्हय त्ये?”

“म्हाईत न्हाय. पण चला.”

रावजी जमादारांना ते मुळीच रुचलं नाही. कुणाला रुचेल? त्यांचा पंचनामा तयार, आरोपी कोठडीत, आणि पंच दारात येऊन म्हणतो मी चुकलो. “ईश्वरप्पा, शुद्धीवर हायस का? परवा अख्ख्या गावासमोर ठोकलीय म्हणालास. आज न्हाय म्हणतोस. कुणी दमात घेतलं का तुला? वस्तीतली पोरं आली व्हती काय?”

“कुणी आलं न्हाय. ही बाई आली व्हती, पण ती काय बोलली न्हाय.”

“मग?”

“मी गाडीखाली शिरलो न्हवतो जमादार. न बघता बोललो.”

आतल्या गजांमागून धोंडिराम ऐकत होता. दोन दिवसांत त्याचा चेहरा पार उतरला होता. गजांवरची त्याची बोटं पांढरी पडली होती. जमादार बराच वेळ टेबलावर पेन आपटत राहिले. मग म्हणाले, “मला काय तुझं ते सळईबिळई कळत न्हाय. उद्या साहेबांनी मला इचारलं तर मी काय दावू?”

“दावतो की,” ईश्वरप्पा म्हणाला. “गावासमोर लावली व्हती, गावासमोरच दावतो. तुमी या.”

आणि त्याच दुपारी, गिरणीचा भोंगा व्हायच्या आत, परवाची गर्दी पुन्हा जमली. दुप्पटच म्हणा. मिस्त्रीनं दोरी मागं घेतली ही बातमी दोरी लावल्याच्या बातमीपेक्षा जोरात धावली होती. कुंडलिकचे भाऊ रागानं लाल झाले होते. “आमचा बैल काय आपोआप मेला व्हय?” असं त्यांतला थोरला सारखा म्हणत होता, आणि त्याचं काही चूक नव्हतं. जमादारांनी टोपी काढून हवालदाराकडे दिली आणि खाकी कपड्यांनिशी गोणपाटावर पडून गाडीखाली शिरले. त्यांचे फक्त बूट बाहेर राहिले. आतून ईश्वरप्पाचा आवाज येत होता, “ही डावी सळई. ही उजवी. हात लावून बघा. हितं बोटं घाला. आता पुडं या, ह्यो रंग बघा.” बाहेर तानाबाईनं पदराचं टोक दातांत धरलं होतं.

जमादार बाहेर आले. पाठीची माती झटकत म्हणाले, “म्हंजे तुझी दोरी खोटी बोलली.”

ईश्वरप्पानं खिशातनं दोरी काढली होती, ती हातात तशीच होती. ‘दोरी सांगती’ या उत्तरावर सगळं आयुष्य काढलं, ते आता देता येत नव्हतं. चूक दोरीवर ढकलून मोकळं होता आलं असतं. लोकांना तेही चाललं असतं.

“दोरी खोटी न्हाय बोलली,” तो म्हणाला. “अडीच बोटं आखूड हाय म्हणाली, ती हायच. मार बसलाय, ह्यानंच ठोकलीय, हे दोरी न्हवती बोलली. त्ये मी बोललो.”

धोंडिराम त्या संध्याकाळी सुटला. त्याच्याविरुद्ध दुसरं काहीच नव्हतं, होती ती ईश्वरप्पाची सही. चौकीतनं तो घरी न जाता आधी गॅरेजवर आला. गाडीभोवती एक फेरी मारली, साखळीनं ज्या ठिकाणी रंग खरवडला होता तिथं अंगठा फिरवला आणि ईश्वरप्पाकडे न बघता म्हणाला, “हितं रंग द्या. गंज धरंल.” ईश्वरप्पानं तिथल्या तिथं डबा उघडला. तानाबाईनं मागचं दार वर केलं, सूप आत ठेवलं आणि गाडी गेली. कुंडलिकला उडवणारी पांढरी गाडी कुणाची होती ते कधीच कळलं नाही. डॉक्टरीणबाई पावसाळ्याआधी परत आल्या, सगळं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या की आमच्याकडे हे रस्त्यावरचा मेकॅनिकसुद्धा जाणतो. ते ईश्वरप्पाला कुणीतरी आवर्जून सांगितलं. आपल्याकडे असल्या गोष्टी सांगायला माणसं कमी पडत नाहीत.

पण ते पुढचं. त्या रविवारचं एक सांगायचं राहिलं.

गाडी गेली, गर्दी पांगली. ईश्वरप्पा रुळावर बसून दोरी गुंडाळत होता. रस्त्यावर घंटी वाजली, आणि गॅरेजसमोर आल्यावरही ती वाजतच राहिली. मग थांबली. मानसिंगनं हातगाडी लिंबाखाली टेकवली आणि तो आत आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. केस पिकले होते, अंगाला रॉकेलचा वास येत होता.

“मिस्त्री,” तो म्हणाला, “माझ्या ट्रकला किती बोटं निघाली व्हती?”

“तीन.” ईश्वरप्पाला आठवावं लागलं नाही.

“ती तीन बोटं माझी व्हती का माझ्या आधीच्या ड्रायव्हरची? दोरी काय म्हणाली व्हती?”

ईश्वरप्पानं मान वर केली. मानसिंगच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो खरंच विचारत होता, आणि इतकी वर्षं तेवढंच विचारायचं त्याच्या मनात असावं. ईश्वरप्पाच्या डोळ्यांपुढे तो ट्रक आला. त्याखाली तो शिरला होता, नंतर, सरळ करताना. चेसीला जिथं तडा होता ती जागा आली. ताजा तडा आतून चकाकतो. तो तडा आतून तांबूस होता. त्यानं तो पाहिला होता, गंज कानशीनं घासून काढला होता, वेल्डिंग केलं होतं, आणि त्याचा अर्थ काय होतो हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता. ‘ठोकलीय’ म्हणून झालं होतं. त्याला आताही ‘आठवत नाही’ म्हणता आलं असतं.

“तडा जुना व्हता, मानसिंग,” तो म्हणाला. “आत गंज व्हता. तुजा न्हवता.”

लिंबाची पिकली पानं हातगाडीवर पडत होती.

“उद्या मी तुज्या जुन्या मालकाकडं येतो,” ईश्वरप्पा म्हणाला. “टपरीवर सगळ्यांदेखत सांगतो. आज सांगितलं तसंच.”

“सांगा की,” मानसिंग म्हणाला. “माझं डोळं गेलंय मिस्त्री. मोतीबिंदू हाय. आता कुणी गाडी दिली तरी मला चालवता याची न्हाय.” त्यानं हातगाडीचा दांडा उचलला. “पण सांगा. घरी बायको अजून म्हणती, खरं सांगा, कुटं ठोकली व्हती.”

गल्लीतनं एक बाई डबा घेऊन बाहेर आली आणि त्याला हाक मारायला लागली. तो तिच्याकडे गेला.